चालू लिनक्स मशीनला मेमरी जोडणं आणि सुखरूप काढणं

चालू लिनक्स व्हर्च्युअल मशीनला (त्याला गेस्ट म्हणतात, ते ज्या यंत्रावर चालतं त्याला होस्ट) मेमरी वाढवून देण्याबाबत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. पहिली: "दादा, चार जीबी जोडली, होस्ट म्हणतो जोडली गेली, पण आत 'फ्री' मारलं की जुनाच आकडा." दुसरी जास्त त्रासाची: "हंगाम संपला, आता काढायची म्हटलं तर निघतच नाही." पहिलीवर एका ओळीचा इलाज आहे. दुसरीवर तक्रार येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मेमरी निघेल की नाही हे ती काढताना ठरत नाही, ती ऑनलाइन करताना, म्हणजे वापरात आणताना, कुठल्या झोनमध्ये टाकली यावर ठरतं. त्यामुळे खालचे टप्पे वाचताना शेवटचे तीन आधी वाचलेत तरी चालेल.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो. इंदुरात विजयनगरच्या एखाद्या छोट्या कंपनीत केव्हीएमचा (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) एक होस्ट आहे. त्यावर सियागंजातल्या घाऊक किराणा व्यापाऱ्याचं बिलिंग चालवणारं ८ जीबीचं गेस्ट आहे. राखीपासून दिवाळीपर्यंत त्याला जादा मेमरी लागते, नंतर तीच मेमरी दुसऱ्या ग्राहकाच्या मशीनला द्यायची असते. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे नागरीत आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमनमध्ये टाइप करा.

सावधान: हे सगळं व्हर्च्युअल मशीनबद्दल आहे. सिल्व्हर मॉलमधून आणलेली रॅम चालू डेस्कटॉपमध्ये किंवा साध्या सर्व्हरमध्ये खुपसायची नाही आणि त्यातून उपसायचीही नाही. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हॉटप्लग (चालू असताना जोडणं) येतं म्हणून मदरबोर्डलाही येतं असं नाही. खऱ्या डिमसाठी (रॅमची पट्टी; गेस्टला जोडतो ती तिची नक्कल) हार्डवेअरचा वेगळा आधार लागतो आणि तो मोजक्या महागड्या यंत्रांतच असतो. बाकी सगळीकडे मशीन बंद करा, वीज काढा, मगच हात घाला.

## १. आधी ठरवा: मेमरी कायमची की उसनी?

कर्नल मेमरी झोनमध्ये विभागतो. आपल्या कामाचे दोन: नॉर्मल आणि मूव्हेबल. प्रोसेसची मेमरी आणि फाइल कॅश यांची पेज (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) कर्नलला एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवता येतात. पेज टेबल, स्लॅब, ड्रायव्हरचे बफर अशी कर्नलची स्वतःची पेज सहसा हलत नाहीत. नॉर्मल झोनमध्ये दोन्ही प्रकार राहतात, मूव्हेबलमध्ये तत्त्वतः फक्त हलणारी.

नॉर्मलमधलं कर्नलचं पेज म्हणजे राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यातला पागडीचा भाडेकरू. एकच खोली अडवतो, पण वाडा पाडता येत नाही. कर्नल मेमरी ब्लॉकाब्लॉकाने ऑनलाइन-ऑफलाइन करतो. १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये असं ४ केबीचं एक पेज बसलं तरी तो पूर्ण ब्लॉक ऑफलाइन होत नाही.

म्हणून मेमरी कायमची द्यायची असेल तर ती नॉर्मलमध्ये जाऊ द्या, काही बिघडत नाही. परत घ्यायची असेल तर ती मूव्हेबलमध्येच गेली पाहिजे.

मग सगळीच मूव्हेबल का करू नये? कारण कर्नलला स्वतःसाठीही जागा लागते आणि ती मूव्हेबलमधून मिळत नाही. मूव्हेबल आणि बाकी मेमरीचं प्रमाण ३:१, फार तर ४:१ असेल तर बहुतेक कामांना चालतं. त्यापुढे गेलात तर 'फ्री'मध्ये जीबी मोकळे दिसत असतानाही आउट-ऑफ-मेमरीची कुऱ्हाड पडू शकते, म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नल प्रोसेस मारतो, आणि लॉग वाचणारा चक्रावतो. आपलं गेस्ट ८ जीबीचं, म्हणजे उसनी मेमरी २४ जीबीपर्यंतच. व्यापारी आणखी मागत असेल तर आधी पायाची मेमरी वाढवा.

आणखी एक हिशेब बरेच जण विसरतात. प्रत्येक ४ केबीच्या पेजमागे कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे १ जीबीमागे १६ एमबी. ही जागा एरवी जुन्या मेमरीतून जाते. २४ जीबी जोडली की ३८४ एमबी आधीच्या ८ जीबीतून कमी होतात, हे परवडतं. पण १ जीबीच्या गेस्टला ६४ जीबी जोडायला निघालात तर नुसत्या नोंदींनाच १ जीबी लागेल, आणि मशीन मदत मिळण्याआधीच गुदमरेल. नव्या कर्नलांत 'मेममॅप ऑन मेमरी' हा पर्याय दिला तर या नोंदी नव्या मेमरीतच ठेवता येतात. तो आपोआप सुरू नसतो.

तपासा: गेस्टच्या आत १ जीबीची ह्यूज पेज वापरात आहेत का? आरडीएमए किंवा व्हीएफआयओसारखं मेमरी खिळवून ठेवणारं काही चालतं का? तसं असेल तर मूव्हेबल मेमरी त्या कामाला उपयोगी पडणार नाही. बिलिंगच्या मशीनवर असं काही नसतं, पण विचारून घ्या.

## २. होस्टवरची तयारी, मशीन बंद असताना

चालू मशीनला मेमरी जोडता येते, पण ती सोय मशीन सुरू करतानाच करून ठेवावी लागते. क्यूईएमयूला (होस्टवर गेस्ट चालवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच कमाल मेमरी आणि स्लॉट (डिम बसवायच्या जागा) सांगावे लागतात. लिबव्हर्टच्या (मशीन सांभाळणारं साधन, त्याची आज्ञा 'व्हर्श') एक्सएमएलमध्ये हे 'मॅक्समेमरी' या टॅगमध्ये जातं. आपल्या उदाहरणात मेमरी ८ जीबी, कमाल ३२ जीबी, स्लॉट ८. सोबत गेस्टला निदान एक नूमा नोड (प्रोसेसर आणि मेमरीचा गट) लिहून द्या. तो नसल्यामुळे लिबव्हर्ट डिम नाकारतो हे कितीदा पाहिलं, मोजलेलं नाही.

डिम केवढ्या घ्यायच्या? डिम काढायची तर तिचे सगळे ब्लॉक ऑफलाइन व्हावे लागतात. ८ जीबीच्या डिममध्ये १२८ एमबीचे ६४ ब्लॉक येतात, त्यातला एक अडला की ८ जीबी अडली. लहान डिममध्ये नुकसान लहान, पण स्लॉट जास्त खर्च होतात. मी ४ जीबीच्या सहा डिम घेतो आणि दोन स्लॉट हाताशी ठेवतो.

नेहमीची चूक: एक्सएमएल बदलून गेस्टच्या आतून रीबूट मारणं. रीबूटने गेस्ट पुन्हा सुरू होतं, पण होस्टवरची क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते, जुन्याच मर्यादांसह. मशीन पूर्ण बंद करा आणि होस्टवरून पुन्हा सुरू करा. व्यापारी बंद करू देत नसेल तर रंगपंचमीचा दिवस मागून घ्या. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाडा भागात कोणी बिल फाडत नाही.

होस्टकडे खरी मेमरी शिल्लक आहे का हेही पाहा. क्यूईएमयू २४ जीबीचं वचन देईल, पण होस्टवर तेवढी नसेल तर पुढे स्वॅप तरी सुरू होईल, नाहीतर होस्टचा आउट-ऑफ-मेमरी किलर एखादं संपूर्ण गेस्टच मारेल. गेस्टला पीसीआय पासथ्रू (होस्टचं उपकरण थेट गेस्टला देणं) असेल तर जोडलेली मेमरी होस्टवर त्याच क्षणी खिळवली जाते, मागाहून हळूहळू नाही.

तपासा: मशीन सुरू झाल्यावर 'व्हर्श डंपएक्सएमएल' चालवा आणि चालू मशीनच्या एक्सएमएलमध्ये मॅक्समेमरी दिसते का पाहा. फक्त साठवलेल्या व्याख्येत असून उपयोग नाही.

व्हीएमवेअरवाल्यांसाठी एवढंच: तिथे हॉट-अॅड मशीन बंद असतानाच सुरू करावं लागतं, ३ जीबीपेक्षा कमी मेमरीवर सुरू झालेलं लिनक्स गेस्ट चालू असताना ३ जीबीच्या पुढे नेता येत नाही, आणि मेमरी काढण्याची सोयच नाही. टप्पे ७ ते ९ तुमच्या कामाचे नाहीत.

## ३. गेस्टच्या आतली तपासणी

कर्नलच्या कॉन्फिग फाइलीत तीन गोष्टी सुरू असायला हव्यात: मेमरी हॉटप्लग, मेमरी हॉटरिमूव्ह आणि एसीपीआय हॉटप्लग मेमरी (एसीपीआय म्हणजे कर्नलला हार्डवेअरची खबर देणारी व्यवस्था). मोठ्या डिस्ट्रोच्या कर्नलांत त्या असतात. कोणी 'हलकं' म्हणून स्वतः बांधलेलं कर्नल टाकलं असेल तर हॉटरिमूव्ह हमखास गायब असतं.

पुढचं सगळं काम /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/मेमरी या फोल्डरमध्ये होतं. तिथली 'ब्लॉक साइझ बाइट्स' ही फाइल वाचा. ८०००००० असं काहीतरी दिसेल आणि वाचणारा म्हणेल, ८० लाख बाइट, म्हणजे साधारण ८ एमबी. तसं नाही. तो आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायावर) असतो, फक्त हेक्सची खूण पुढे नसते. ८०००००० हेक्स म्हणजे १२८ एमबी. त्यात आणखी एक शून्य असेल तर ब्लॉक २ जीबीचा आहे. ६४ जीबी किंवा जास्त मेमरीवर सुरू झालेल्या मशीनवर असा मोठा ब्लॉक भेटू शकतो. डिमचा आकार ब्लॉकच्या पटीत हवा, नाहीतर कर्नल 'अनअलाइन्ड हॉटप्लग रेंज' असा संदेश देऊन ती नाकारतो.

आता सगळ्यात महत्त्वाची फाइल: 'ऑटो ऑनलाइन ब्लॉक्स'. नवी मेमरी आली की कर्नलने आपणहून काय करायचं ते इथे लिहिलेलं असतं. चार किंमती चालतात:

- ऑफलाइन: मेमरी जोडली जाईल पण वापरात येणार नाही. पहिल्या तक्रारीचं मूळ इथे आहे.
- ऑनलाइन: झोन कर्नल ठरवेल, म्हणजे नेहमीच्या मांडणीत बहुधा नॉर्मल. दुसऱ्या तक्रारीचं मूळ इथे.
- ऑनलाइन कर्नल: नक्की नॉर्मल.
- ऑनलाइन मूव्हेबल: आपल्याला हवं ते.

काही डिस्ट्रोंमध्ये कर्नल ऑफलाइन ठेवतो आणि यूडेव्हचा (उपकरण आलं की नियम चालवणारी सेवा) एखादा नियम मागून येऊन 'ऑनलाइन' लिहून जातो. तुम्ही हाताने झोन ठरवायच्या आत मेमरी नॉर्मलमध्ये गेलेली असते. यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात 'मेमरी' हा शब्द शोधा. मी स्वतः कर्नलचं धोरणच 'ऑनलाइन मूव्हेबल' करतो. मग ब्लॉक आल्याआल्या योग्य झोनमध्ये जातो आणि यूडेव्हला करायला काही उरत नाही. दुसरा फायदा असा की ऑफलाइन पडून राहिलेली मेमरीही नोंदींसाठी जुन्या मेमरीतून जागा खाते. भरपूर मेमरी एका दमात ऑफलाइन जोडली तर मशीन वाढण्याऐवजी आक्रसतं.

कर्नल ५.१५ पासून 'ऑटो मूव्हेबल' नावाचं धोरणही आहे. ते प्रमाण सांभाळून झोन निवडतं. कर्नलचा जीव वाचवायला छान, पण तुमची मेमरी नक्की निघेल याची हमी ते घेत नाही. उसन्या मेमरीसाठी मी ते वापरत नाही.

## ४. जोडणं: एका वेळी एकच डिम

होस्टवर डिमची छोटी एक्सएमएल फाइल करा: मॉडेल डिम, आकार ४ जीबी, नोड ०. मग 'व्हर्श अटॅच-डिव्हाइस', सोबत 'लाइव्ह'. सहाही डिम स्क्रिप्टने एकदम ढकलू नका. पहिली जोडा, गेस्टमध्ये पाहा, मग दुसरी.

गेस्टमध्ये मेमरी फोल्डरात नवे उपफोल्डर यायला हवेत. त्यांचा क्रमांक म्हणजे पत्ता भागिले ब्लॉकचा आकार. समजा नवी डिम १० जीबीच्या पत्त्यापासून सुरू झाली. दर जीबीला ८ ब्लॉक, म्हणून पहिला ब्लॉक ८० आणि ४ जीबीचे ३२ ब्लॉक म्हणजे ८० ते १११. गेस्ट ८ जीबीचं असताना पत्ता १० जीबीपासून का, असं विचारलं जातं. ४ जीबीच्या खालची काही जागा पीसीआय वगैरेंसाठी सोडलेली असते, त्यामुळे पत्ते सलग नसतात. क्रमांक अंदाजाने धरू नका. क्यूईएमयूच्या मॉनिटरवर 'इन्फो मेमरी-डिव्हायसेस' दिलं की प्रत्येक डिमचा पत्ता मिळतो. तो डिमच्या नावासह लिहून ठेवा, आठव्या टप्प्यात लागेल.

नेहमीची चूक: 'व्हर्श सेटमेम' वापरणं. ते बलून हलवतं, डिम जोडत नाही. बलूनने मशीनला आधीच दिलेल्या मेमरीच्या आतच कमीजास्त करता येतं. दोन्ही एकाच गेस्टवर चालवले तर कुठला आकडा कशामुळे बदलला हे शोधण्यात दुपार जाते.

## ५. ऑनलाइन करणं

धोरण आधीच मूव्हेबल असेल तर इथे फक्त तपासायचं. पहिल्या वेळी मात्र धोरण ऑफलाइन ठेवून एकदा हाताने करून बघा, म्हणजे यंत्रणा डोळ्यांसमोर येते.

एका ब्लॉकच्या फोल्डरातली 'व्हॅलिड झोन्स' फाइल वाचा. त्यात मूव्हेबल असेल तर त्याच फोल्डरातल्या 'स्टेट' फाइलीत 'ऑनलाइन मूव्हेबल' लिहा, शब्दांमध्ये अंडरस्कोर. ३२ ब्लॉकना हेच करायचं, म्हणून लूप लावा. किंवा यूटिल-लिनक्समधली 'सीएचमेम' आज्ञा वापरा, तिला झोन मूव्हेबल सांगता येतो. फार जुन्या कर्नलांत मूव्हेबल करताना ब्लॉकचा क्रमही पाळावा लागे, तेव्हा मधला ब्लॉक अडला तर शेवटाकडून सुरुवात करून पाहा.

तपासा: 'एलएसमेम'ला झोनचा रकाना दाखवायला सांगा. ८० ते १११ समोर मूव्हेबल दिसलं पाहिजे. नुसता 'फ्री'चा आकडा वाढला म्हणून उठू नका. नॉर्मलमध्ये गेली तरी तो तेवढाच वाढतो. दुसऱ्या तक्रारीचे सगळे धनी इथेच खूश होऊन उठलेले असतात.

नॉर्मलमध्ये गेली असेल तर आत्ताच सुधारा: ब्लॉक ऑफलाइन करा आणि पुन्हा मूव्हेबल म्हणून ऑनलाइन करा. जोडून काही मिनिटंच झाली असतील आणि मशीनवर ताण नसेल तर बहुतेक ब्लॉक ऐकतात. दोन दिवसांनी ऐकणार नाहीत.

## ६. मेमरी वापरात आणणं

कर्नलला मेमरी मिळाली म्हणजे सॉफ्टवेअरला मिळाली असं नाही. मायएसक्यूएलचा बफर पूल ५.७ पासून चालू असताना वाढवता येतो. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्ससाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. जावाची कमाल हीप सुरू होताना ठरते. कंटेनर आणि सिस्टमडीच्या सेवांवर मेमरीची मर्यादा लावलेली असेल तर तीही वाढवा, नाहीतर व्यापारी विचारेल की पैसे घेतले, वेग कुठे आहे.

केडंप (क्रॅशच्या वेळी मेमरीची नक्कल साठवणारी सोय) वापरत असाल तर त्याची सेवा पुन्हा सुरू करा. क्रॅशच्या वेळी कुठली मेमरी वाचायची याची यादी आधीच तयार केलेली असते. नवी कर्नलं ती स्वतः बदलतात, जुन्यांना सांगावं लागतं.

## ७. काढण्याआधी जागा रिकामी करा

दिवाळी झाली, मेमरी परत घ्यायची. थेट ऑफलाइनवर उडी मारू नका. ऑफलाइन करताना कर्नल त्या ब्लॉकमधली पेज उचलून उरलेल्या मेमरीत नेतो. तिकडे जागा नसेल तर नेणार कुठे?

आधी डेटाबेस लहान करा. बफर पूल कमी करण्याची आज्ञा लगेच परतते, पण काम मागे चालू राहतं, म्हणून आकार बदलण्याची स्थिती दाखवणारं व्हेरिएबल पाहून ते संपल्याची खात्री करा. मग 'मेमइन्फो'मधला 'मेमअव्हेलेबल' पाहा. काढायची मेमरी ४ जीबी असेल तर तो आकडा ४ जीबीहून बऱ्यापैकी जास्त हवा. 'मेमफ्री' पाहून घाबरू नका, फाइल कॅश कर्नल गरजेला सोडतो.

सावधान: हे महिनाअखेरीस किंवा जीएसटी भरण्याच्या तारखेच्या आसपास करू नका. पेज हलताना मशीन थोडं अडखळतं आणि त्याच वेळी पन्नास माणसं बिल काढत असतील तर बोलणी तुम्हालाच बसतात.

## ८. ऑफलाइन: एक डिम, तिचे सगळे ब्लॉक

चौथ्या टप्प्यात लिहिलेल्या पत्त्यांवरून डिमचे ब्लॉक काढा. एकेका ब्लॉकच्या 'स्टेट'मध्ये 'ऑफलाइन' लिहा. 'सीएचमेम'ला नुसतं "४ जीबी कमी कर" सांगाल तर ती जिथून जमेल तिथून ब्लॉक उचलेल. एकूण ४ जीबी ऑफलाइन होईल, पण तीन डिममध्ये विखुरलेली, आणि एकही डिम निघणार नाही. पत्त्याची श्रेणी देऊनच ती आज्ञा वापरा.

ब्लॉकच्या फोल्डरात 'रिमूव्हेबल' नावाची फाइल असते आणि तिच्यात १ दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात. तिच्यावर विसंबू नका. नव्या कर्नलांत त्या १ चा अर्थ एवढाच की या कर्नलला ऑफलाइन करणं येतं. हा ब्लॉक निघेल की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

ऑफलाइन करताना आज्ञा लटकून राहू शकते. कर्नल पेज हलवायचा प्रयत्न सोडत नाही, पुन्हा पुन्हा करत राहतो. म्हणून प्रत्येक लिहिण्याला 'टाइमआउट' लावा, समजा ३० सेकंद. वेळ संपली की सिग्नल जातो, कर्नल माघार घेतो आणि ब्लॉक पुन्हा पहिल्यासारखा ऑनलाइन राहतो. यात नुकसान काही नाही.

ब्लॉक अडलाच तर या क्रमाने जा:

१. 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग) वाचा. 'मेमरी ऑफलाइनिंग फेल्ड' या ओळीत पत्ता आणि कारण असतं. कारण 'अनमूव्हेबल पेज' असेल तर झोन पाहा, तो ब्लॉक बहुधा नॉर्मलमध्येच निघेल.

२. झोन मूव्हेबल असेल आणि तरीही अडत असेल तर पेज कोणीतरी थोड्या वेळासाठी धरून ठेवलेलं असतं. बॅकअप चालू आहे का पाहा, तो संपू द्या, पुन्हा प्रयत्न करा.

३. तरीही नाही निघालं तर रात्री करा. ताण उतरल्यावर बरेच ब्लॉक निमूट निघतात.

४. ती डिम सोडा आणि दुसरी घ्या. सहातली कुठलीही एक परत मिळाली तरी होस्टला तेवढेच ४ जीबी मिळतात.

नेहमीची चूक: ३२ पैकी ३१ ब्लॉक ऑफलाइन झाले, एक अडला, आणि माणूस "उद्या बघू" म्हणून निघून गेला. ते ३१ ब्लॉक आता ना गेस्टच्या कामाचे ना होस्टच्या. काम पुढे ढकलायचं असेल तर सगळे पुन्हा मूव्हेबल म्हणून ऑनलाइन करून ठेवा.

## ९. काढणं

सगळे ब्लॉक ऑफलाइन दिसले की होस्टवरून 'व्हर्श डिटॅच-डिव्हाइस', पुन्हा 'लाइव्ह' सोबत. ही आज्ञा म्हणजे गेस्टला केलेली विनंती असते. ती यशस्वी परतली याचा अर्थ विनंती पोहोचली. गेस्टचा कर्नल मेमरी सोडतो, एसीपीआयमार्फत डिम बाहेर काढल्याचं कळवतो, तेव्हा ती खरोखर निघते. गेस्टने नकार दिला तर डिम जागच्या जागी राहते.

तपासा: 'इन्फो मेमरी-डिव्हायसेस'मधून ती डिम गेली का, आणि गेस्टमध्ये तिचे ब्लॉक फोल्डर नाहीसे झाले का. दोन्ही झाल्याशिवाय ती मेमरी दुसऱ्या ग्राहकाला देऊ नका. एकच मेमरी दोघांना कबूल केली की होस्टचा आउट-ऑफ-मेमरी किलर निवाडा करतो, आणि तो कोणाचं गेस्ट मारेल हे ग्राहकाचं बिल पाहून ठरवत नाही.

## डिमऐवजी व्हर्टिओ-मेम असेल तर

वरची बरीच कटकट डिमच्या जातीची आहे. लिनक्स ५.८ पासून, म्हणजे २०२० पासून, व्हर्टिओ-मेम आहे. एकच उपकरण, त्याला "इतकी मेमरी हवी" असा आकडा द्यायचा. ते ब्लॉकहून लहान तुकड्यांत मेमरी देतं आणि घेतं, त्यामुळे एक पेज अडलं म्हणून ४ जीबी अडत नाही. मागितलं त्यातलं जमेल तेवढं परत येतं. होस्ट आणि गेस्ट दोन्ही पुरेसे नवे असतील तर नव्या कामाला मी हेच घेतो. झोनचा आणि प्रमाणाचा नियम इथेही तोच. फक्त त्याचे ब्लॉक स्वतः ऑफलाइन करत बसू नका. ते काम त्याच्या ड्रायव्हरचं आहे, तुम्ही मागितलेला आकडा बदला आणि प्रत्यक्ष आकडा तिथे पोहोचतो का पाहा.

## कर्नल मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी

तुमचं मॉड्यूल पेज क्रमांकांवरून फिरत असेल तर क्रमांक वैध आहे एवढं पाहून भागत नाही. ऑफलाइन ब्लॉकच्या पेजची नोंद अस्तित्वात असते, पण तिच्यातला मजकूर भरवशाचा नसतो. 'पीएफएन टू ऑनलाइन पेज' वापरा. मेमरी येताजाताना काही करायचं असेल तर नोटिफायर लावा. त्यात 'गोइंग ऑफलाइन'ला नकार देता येतो. तो नकार दुसऱ्या कोणी दिला तर 'कॅन्सल ऑफलाइन' येतो, आणि तुम्ही आधी आवरून ठेवलेलं सगळं पुन्हा मांडावं लागतं. हा कॅन्सलचा रस्ता कोणी तपासत नाही. अडणारा ब्लॉक मुद्दाम ठेवून तो तपासा.

## मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा

'लाइव्ह'ने केलेला बदल चालू मशीनपुरता असतो. हंगामात मशीन बंद होऊन सुरू झालं तर जोडलेल्या डिम गायब असतील. त्या टिकायला हव्या असतील तर 'कॉन्फिग'नेही जोडा, आणि काढताना दोन्हीकडून काढा. नाहीतर परत घेतलेली मेमरी पुढच्या सुरुवातीला पुन्हा त्याच गेस्टकडे जाते.

डिम जोडलेल्या ठेवून गेस्ट नुसतं रीबूट झालं तरी एक अडचण उरते. क्यूईएमयू त्या डिम सुरुवातीच्या मेमरीच्या नकाशात दाखवत नाही. कर्नल उठताना एसीपीआयवरून त्या शोधतो आणि नव्याने जोडल्यासारख्या जोडतो. तुम्ही मागे हाताने लिहिलेलं 'ऑनलाइन मूव्हेबल' तोवर पुसलेलं असतं आणि पुन्हा मूळ धोरण लागू होतं. ते 'ऑनलाइन' असेल तर सगळी उसनी मेमरी एका रीबूटमध्ये नॉर्मलमध्ये जाऊन बसते. म्हणून ग्रबच्या (बूटलोडरच्या) ओळीत 'मेमएचपी डिफॉल्ट स्टेट' हा पॅरामीटर 'ऑनलाइन मूव्हेबल' देऊन ठेवा, आणि गेस्टच्या प्रत्येक रीबूटनंतर 'एलएसमेम'मधला झोनचा रकाना पुन्हा पाहा.